वीतभर वडाला गल्लीभर दोरे

गोडादरा, सुरत
आषाढ महिना, सन १९९७

तीर्थस्वरूप शालिग्राम दाजींच्या पायाशी, सुरतेहून धाकटा मेहुणा निंबा याचा दंडवत.

इकडे सगळे खुशाल आहोत (एक झाड सोडून, त्याचं सविस्तर पुढे येईलच). तुमची तब्येत, विहिरीवरची मोटर आणि केळीचा बाग, तिघांची खुशाली कळवावी. मागच्या पत्राला तुमचं ‘पत्र पोचले’ असं उत्तर आलं ते घरात सगळ्यांनी वाचलं. अक्कानेही वाचलं, कार्ड उलटं करून मागची बाजू बघितली आणि पीठ मळायला बसली. ती बरी आहे. अखजीच्या सणाला माहेरपणाला म्हणून भावाकडे आली ती अजून इथेच आहे, आणि का आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हैस तिने पारडीपासून वाढवली होती, तेव्हा विकण्याआधी तिला एका शब्दाने विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणेन (एवढंही म्हणायचं नाही असं तिने मला बजावलंय). ती म्हणते, आता त्या घराची पायरी चढणार नाही. तुम्ही म्हणता, गेली तशी येईल. आणि तुमच्या दोघांच्या मधे मी, कमल, आमचा दोघांचा संसार आणि ही एकच खोली. असो. पत्र त्यासाठी लिहीत नाही. पत्र शेतीविषयक आहे.

तर आमच्या लूमच्या खात्याचे, म्हणजे कारखान्याचे, मालक भूपेंद्रभाई शेठ. मी त्यांच्या खात्यात मास्टर आहे हे तुम्हाला माहीत आहेच (बिघडलेला लूम दुरुस्त करतो त्याला इथे मास्टर म्हणतात, शाळेचा नाही). शेठच्या केबिनमध्ये टेबलावर एक वडाचं झाड आहे. झाड म्हणजे पुरं झाड हं दाजी, जाड बुंधा, फांद्या, पारंब्यासुद्धा, पण उंची वीतभर. भाकरीच्या परातीहून लहान अशा चिनीमातीच्या चपट्या ताटलीत ते उभं आहे. त्याला बोन्साय म्हणतात. हे जपान्यांचं खूळ, पण शेठला ते तरुणपणीच लागलं आणि हे झाड त्यांनी स्वतः वाढवलंय. त्याच्यापुढे ते अगरबत्ती लावत नाहीत एवढंच, बाकी सगळं करतात. अखजी झाल्यावर शेठ घरच्या सगळ्यांना घेऊन मुलीकडे आफ्रिकेला निघाले. झाड कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, की शेठ, आम्ही चोपड्याकडचे, आमच्या दाजींची केळी मुंबईपर्यंत जाते, एवढ्याशा झाडाचं काय घेऊन बसलात. (केळीची फुशारकी तुमची, पण मारली मी. तोंड आहे, घसरतं.) शेठनी दोन्ही हातांनी ताटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, निंबा, आ झाड नथी, मारो दीकरो छे (झाड नव्हे, माझा मुलगा आहे). गुरुपौर्णिमेच्या आत ते परत यायचे आहेत आणि आल्यावर आपला दीकरो मागणार आहेत, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

शेठनी शिकवलं ते असं. रोज ठरल्या वेळी पाणी घालायचं नाही. मातीत बोट घालून बघायचं, पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच द्यायचं, आणि दिलं की भरपूर द्यायचं. उजेडात ठेवायचं पण दुपारच्या उन्हात नाही, पंख्याखाली नाही. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळलेली आहे तिला हात लावायचा नाही, ती झाडाला वळण लावते. मला यात सगळ्यात नवल वाटलं ते हे, की ते लहान राहतं कसं. विचारलं तर शेठ म्हणाले, दोन-तीन वर्षांनी काढायचं, मुळं छाटायची आणि पुन्हा त्याच ताटलीत लावायचं. मी रिक्षात ते मांडीवर घेऊन गोडादऱ्याला येईपर्यंत हाच विचार करत होतो. मुळं छाटलेलं झाड जगतं, पारंब्या सोडतं, पान टाकून नवं पान आणतं, आणि त्याला पत्ताच नाही की आपण वड आहोत, आपल्या सावलीत बैलगाडी उभी राहायला हवी होती. की त्याला पत्ता असतो? तुम्ही जन्मभर झाडांत राहिलात, तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.

घरी आणलं तर अक्काने ते चारी बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, हाई झाड शे का भाजी. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा त्यात जीव अडकला. आमच्या खोलीत खात्यातून माझ्या कपड्यांबरोबर तंतूंचा भुरका येतो, तो पानांवर बसतो. ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, वासराचं तोंड पुसतात तसं. खिडकीशी कमलचं शिलाई मशीन आहे, त्याच्यावर झाडाची जागा केली. आणि मग सुरू झालं बोट घालणं. माझी पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे झाडाला पाणी मिळालं की नाही हे मला घरात कळायचं नाही. मी आल्या आल्या बोट घालायचो. मी नसताना कमल घालायची, कमलने घातलं हे अक्काला माहीत नसायचं म्हणून ती घालायची. शेजारची धुरपदाबाई साखर मागायला आली तरी जाता जाता बोट घालून जायची. आठवड्याभरात त्या मातीला एवढी भोकं पडली, की पीठ चाळायला घेतलं असतं तरी चाललं असतं. आणि एका माणसाच्या बोटाला ओलं लागतं ते दुसऱ्याच्या बोटाला कोरडं लागतं हा शोध मला लागला. साड्यांना टिकल्या लावून कमलची बोटं राठ झालीत, तिला सगळं जग कोरडंच लागतं. त्यामुळे झाड तिघांच्या मतांनी पाणी प्यायचं.

आणखी एक. ताटलीच्या बुडाला दोन भोकं होती. पाणी घातलं की त्यातून ठिबकायचं ते थेट शिलाई मशीनवर, आणि कमल कुरकुरायची. मी म्हटलं, शेठ एवढे मोठे, पण त्यांना कोणी फुटकी ताटली विकली आणि कळलं नाही. खात्यातून पुट्टी आणली आणि दोन्ही भोकं अशी बुजवली की टिपूस खाली येईना. मास्टर माणूस, बिघाड दिसला की हात गप्प बसत नाही. आपण शेठची वस्तू दुरुस्त करून परत देणार याचं मला मनातून फार समाधान वाटत होतं.

इथपर्यंत झाड हिरवंगार होतं. मग आली वटपौर्णिमा.

आमच्या भागात पूर्वी एक वड होता म्हणतात, तो रस्त्यात गेला. तेव्हापासून आपल्याकडच्या बायका बाजारातून वडाची फांदी आणून विजेच्या खांबाला बांधतात आणि त्याच खांबाला फेरे घालतात. (गेल्या साली एकीचा दोरा मीटरच्या पेटीत अडकला होता.) धुरपदाबाई ही गल्लीतली पुढारीण. तिचा नवरा लोटू माझ्याच खात्यात कारागीर आहे, आणि तिला फांदीची पूजा कधीच पटली नाही. तिचं म्हणणं, तोडलेली फांदी संध्याकाळपर्यंत सुकते, सुकणाऱ्या झाडाकडून नवऱ्याला आयुष्य काय मिळणार. आणि आता साखर मागायला येता येता तिने मुळासकट, पारंब्यांसकट जिवंत वड बघितलेला. पौर्णिमेच्या सकाळी मी रात्रपाळी करून येऊन खाटेवर आडवा झालो, आणि जाग आली तेव्हा खाट गॅलरीत होती आणि मी तिच्यावर. बायकांनी मला न उठवता खाटेसकट बाहेर काढलं होतं. जिन्यावर नऊवारी, पाचवारी, गुजराती पद्धतीच्या, सगळ्या साड्यांची रांग. प्रत्येकीच्या हातात ताट आणि तांब्या.

आता अडचण अशी झाली, की झाडाला फेरे घालायचे कुठून. खोली सामानाने भरलेली, मधोमध झाड ठेवलं तरी एक बाई फिरली की दुसरीचा पदर स्टोव्हवर. त्यावर तोड काढली ती अक्काने. तिने पाट मांडला, त्यावर पालथी परात, परातीवर झाडाची ताटली ठेवली, आणि म्हणाली, बाई उभी राहील, झाड फिरेल. मग एकेक बाई दोऱ्याचं टोक लावून उभी राहायची आणि अक्का ताटली सात वेळा फिरवायची. दाजी, मी दारातून बघत होतो. आमच्या खात्यात बॉबीन भरतात ना, हुबेहूब तसं. सुताची गुंडी निम्म्यात संपली, तेव्हा धुरपदाबाईने मलाच पिटाळलं, आणि मी खात्यातून पॉलिस्टरचा दोरा आणून दिला. सूत कुजतं, तुटतं. आमचा पॉलिस्टरचा दोरा माणूस लोंबकळला तरी तुटत नाही, हे मी तेव्हा अभिमानाने सांगितलं. आणि प्रत्येक बाईने आपापला तांब्या झाडाच्या बुडाशी रिता केला. त्या ताटलीत पाणी मावणार किती, बाकीचं पाटावरून उंबऱ्यापर्यंत आलं. दुपारी झाड बघितलं तर बुंधा दिसतच नव्हता. हळदीकुंकवाने माखलेला एक दोऱ्याचा गोळा, आणि त्याच्या डोक्यावर पानं.

चार दिवसांनी पहिलं पान पिवळं पडलं. अक्काने ते उचलून पदराला बांधलं आणि कोणाला सांगितलं नाही. मग रोज पडायला लागली, आणि पानं पडतायत हे धुरपदाबाईला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. आता तुम्ही म्हणाल, निंबाच्या शेठचं झाड वाळतंय, निंबाची नोकरी जाईल, गल्लीचं काय बिघडलं. पण विचार करा. ज्या झाडापाशी नवऱ्याचं आयुष्य मागितलं तेच झाड पंधरा दिवसांत मरायला लागलं तर त्या नवऱ्यांचं काय. पहिल्यांदा बायका घाबरल्या. मग नवरे. आम्ही मानत नाही, आम्ही मानत नाही म्हणत एकेक जण जिना चढून वर यायला लागला. लोटू तर पाळीवर जाताना आधी झाड बघतो. त्याला थोडा खोकला आहे (बिडीचा, वर्षानुवर्षांचा), पण त्याचं म्हणणं, खोकला आधी छातीत होता, आता पाठीत गेलाय. त्याने बिडी सोडली. दगा पाटील म्हणून एक वार्पिंगवाला (लूमचा ताणा भरणारा) आहे, त्याने येऊन फक्त एवढंच विचारलं की आमच्या हिचा दोरा वर आहे की खाली. खात्यात मला आता कोणी राम राम करत नाही, झाड कसं आहे असं विचारतात.

झाड का मरतंय ते शेवटी अक्कालाच कळलं. तिने ताटली उचलून बघितली तर ती दगडासारखी जड. वास घेतला, कुजका. मग बुडाखाली हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. तशी ती माझ्याकडे लहानपणी बघायची, मी विहिरीत बादली सोडून दोर धरायला विसरलो होतो तेव्हा. पाणी जायची वाटच मी बुजवली होती. लूमच्या फणीत दोरा ओढायचा हूक असतो त्याने मी पुट्टी कोरून काढली आणि तीन दिवस त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. कमल मशीनवर फडकं धरून उभी राहिली. तेव्हा एक फास सुटला. पण दुसरा अजून आहे, तो दोऱ्यांचा. पाणी ओसरल्यावर झाडाने दोन कोंब काढलेत, दाजी, मी स्वतः बघितले, गव्हाच्या दाण्याएवढे. आणि ते दोऱ्याच्या खाली आहेत. दोरे सुटले नाहीत तर ते आतच गुदमरणार.

आता गंमत बघा. या आमच्या गल्लीतल्या बायका घरबसल्या काय काम करतात, तर साड्यांचे धागे कापण्याचं. मिलमधून साड्यांचे गठ्ठे येतात, या हातात कटर घेऊन बसतात आणि गप्पा मारत मारत हजारो धागे कापतात. पण या दोऱ्याला कटर लावायला एकही तयार नाही. वडाचा दोरा हाताने काढायचा नसतो, तो आपोआप जाईल तेव्हा जाईल, असं धुरपदाबाईचं म्हणणं. (पॉलिस्टर आपोआप कधी जातो ते मला विचारा.) काल सगळ्या आमच्या खोलीत जमल्या. झाड मेलं तर वाईट हे सगळ्यांना पटतं. दोरे काढल्याशिवाय ते जगणार नाही हेही पटतं. पण पहिला दोरा कोणाचा, इथे गाडी अडते. कोण आपल्या नवऱ्यावर प्रयोग करणार. मी म्हटलं कमलचा काढा, मी तयार आहे. त्यावर कमल रडायला लागली, तेव्हा माझंही धाडस संपलं. दाजी, मी हे काही मानत नाही, पण ती रडली तेव्हा मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

तर कृपा करून शेतकरी या नात्याने सल्ला द्यावा. कुजलेल्या मुळांना काय द्यावं, निंबोळीची पेंड चालेल का, आणि पानं नसलेल्या वडाला पाणी किती आणि कधी. घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
निंबा

ता. क. केळीला देता ते खत सुचवू नये. ते मी सुरुवातीलाच देऊन बसलोय. शेठ आल्यावर त्यांना हे सांगायचं की नाही याबद्दलही आपलं मत कळवावं.

ता. क. २. वर मी कालची गोष्ट अर्धीच लिहिली, कारण लिहिताना अक्का समोर बसून कमलबरोबर साड्यांचे धागे कापत होती. आता ती नळावर गेली आहे, म्हणून भराभर लिहितो. काल पहिला दोरा कोणाचा यावर सगळ्या अडून बसल्या, तेव्हा अक्का उठली, ताटली पुढ्यात ओढली आणि बुंध्यापासून एक सुताचा दोरा शोधून सगळ्यांसमोर उलटा उलगडला. सगळ्यांत खालचा, मातीलगतचा होता, त्याच्यावर दुसरा दोरा चढलेला नव्हता. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांच्या आधी, पहाटे, मी पाळीवरून यायच्या आत तिने तो बांधला होता, आणि ताटली फिरवायला कमल बसली होती. मी कमलला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही लगेच दाजींना पत्र लिहिलं असतं. दाजी, तुमची पायरी चढणार नाही म्हणणारी ही बाई, तुमच्यासाठी सात जन्मांचा दोरा बांधून बसली होती. धुरपदाबाईने तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत का. अक्का म्हणाली, त्यांना काही होत नाही, मी रोज देवाला सांगते ते काय या दोऱ्यावर आहे का. आणि भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

तर आता खरी गोष्ट. बायकांनी ठरवलंय, की शालिग्राम पाटलांना काही झालं नाही असं दिसलं, तर त्याही आपापले दोरे सोडतील. तोवर नाही. सगळी गल्ली तुमच्या जिवावर डोळे लावून बसली आहे. ‘पत्र पोचले’ हे इथे पुरावा म्हणून चालणार नाही. धुरपदाबाई म्हणते, पत्र काय, कोणीही लिहील, माणूस चालता-बोलता दिसला पाहिजे. तेव्हा पत्र हाती पडताच अमळनेरहून सुरत पॅसेंजर धरावी आणि उधन्याला उतरावं. मी स्टेशनवर येतो. लोटूही येणार आहे, त्याला तुम्हाला सगळ्यांत आधी बघायचं आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करणार एवढ्यात अक्का नळावरून आली. एवढं लांबलचक कोणाला लिहितोस म्हणाली. मी म्हटलं, दाजींना, झाडाचं विचारतोय. वरचं काही तिने वाचलेलं नाही. पदराने हात पुसले आणि म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो: त्यासले लिख, झाड देखाले या. आन् उपाशी निघू नका.